रिकाम्या कणगीत काय पाह्यता?

वरवट बकाल,
आषाढ वद्य ४, सन १९३७

मनकर्णेस,

वडील जावेनं धाकटीले आशीर्वाद लिहाव अशी रीत आहे म्हणून लिहितो. घ्याचा तं घे, नाही तं पाकिटातच राहू दे. मास्तरानं शिकवलेलं शुद्ध लिहाले बसली की मनातलं येतच नाही, म्हणून बोलतो तसंच लिहितो.

काल तुळशीराम कासार आला होता. मेहकरापासून गावोगाव बांगड्या भरत भरत आला म्हणे. सोप्यात दहा बाया बसलेल्या, माह्या हातात बांगडी अर्धी चढलेली, अन् हा बावा मोठ्यानं म्हणते, "मेहकरच्या धाकट्या बाईनं निरोप देला, वच्छलाबाईले विचारा, अकोल्याले जाऊन दाखवून आल्या का?" बाई! बांगडी मनगटावरच मोडली. साऱ्या बाया माह्या तोंडाकडे. "काय दाखवाचं हो?" तं म्हणली, "डोळे. झापड येते डोळ्याले." आता गावभर मले कमी दिसते.

तुले दुसरं माणूस नाही भेटलं का वं? कासाराच्या तोंडी बाईचा निरोप! कार्ड टाकलं नाही एवढे उपकार.

आता तूच सांग, दाखवू काय? अकोल्याच्या जनाना दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं माही पिशवी काढली त्याले पाच वर्षं झाले. तू माह्या उशाशी होती. त्याच्या आधी महिन्यातले अर्धे दिवस मी रक्तात पडून राहो, उठलं की भिंत धरा लागे. ते सारं गेलं. आता ना महिना, ना बाहेर बसणं, ना कावळा शिवणं. रिकाम्या कणगीत कोणी उंदीर पाह्यते का?

तू म्हणशीन, डॉक्टरीणबाई बोलली होती ना, "पिशवी काढली आहे, पिशवीचं तोंड ठेवलं आहे, दरसाल येऊन दाखवत जा." बोलली खरी. एक साल गेली बी मी. तिनं पाह्यलं, ठीक आहे म्हणे, अन् मी परत आली. ठीकच आहे तं जाचं कायले?

या घरात माहं काय होतं ते तुह्याहून कोणाले माहीत? लेकरू झालं नाही. हळदीकुंकवाले मले मागं उभी करणाऱ्या बाया ह्याच गावच्या. पण पिशवी गेली अन् आत्याबाईनं, सासू असून, साऱ्यायसमोर सांगतलं, वच्छला आता बारा महिने सोवळी. लोणच्याच्या बरण्या माह्या, देवघर माहं, अन् महालक्ष्म्यायचा सैपाक माहा. दुसऱ्या घरी सुनायच्या तारखा मोजत बसतात, ऐन सणात कोण बाहेरची होईन म्हणून जीव टांगणीले लागते. आपल्या घरी ती चिंताच मिटली. भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी घरी येतात तं त्यायच्या पानावर सोळा भाज्या मी वाढतो, अन् ज्या बाया मले मागं उभी करत त्या माह्या हातची आंबील मागून पेतात.

अन् तू काय केलं? त्याच दिवशी, भरल्या पंगतीत, पाटलीणबाईनं पुरणाचा घास उचलला अन् तू म्हणतं, "जाऊबाई, ते तोंड आहे ना अजून, अकोल्याले जाऊन या." पाटलीणबाईचा घास हातातच राह्यला. "म्हणजे सारं काढलंच नाही?" म्हणे. मंग मी तुले बोलली ते बोलली. माह्या चुलीवर तुहा डोळा आहे म्हणली. दसऱ्याच्या आत उत्तमराव भाऊजीनं मेहकरले बियाण्याचं दुकान टाकलं अन् तुम्ही गेले. त्याले दोन वर्षं होतीन आता. लोक म्हणतात जावाजावायनं घर फोडलं. म्हणू दे, लोकायले काम नाही.

बाकी सारं बरं. आत्याबाईचे हात थरथरतात, पण जीभ थरथरत नाही. तुहे भासरे बरे आहेत. मले यंदा उष्णता झाली थोडी, धने-जिऱ्याचं पाणी पिऊन राह्यली.

ते पिशवीचं तोंड केवढं असते वं? सहज विचारतो.

वच्छलाबाई


वरवट बकाल,
श्रावण शुद्ध ६

मनकर्णेस,

तुह्यं पाकीट भेटलं. ना नमस्कार, ना खुशाली, पहिल्याच ओळीत, "जाऊबाई, रक्त जाते का?" तुह्या आईनं तुले लिहाले शिकवलं, पण वळण लावाचं राहून गेलं.

नाही जात, असं लिहिलं होतं मी. मंग तो कागद चुलीत घातला अन् हा घेतला.

जाते. थोडं. रोज नाही. चैतापासून आहे. पहिल्यानं वाटलं उष्णताच आहे. काल नागपंचमीले वारुळ पुजून आली तं लुगड्याले डाग. मोलकरणीनं पाह्यला. कुंकवाची डबी सांडली म्हणून सांगतलं तिले. आता माहं लुगडं मीच धुतो, बाया येतात त्या घाटावर नाही, मागच्या टाक्यावर. दुखत काहीच नाही. ना पोट, ना कंबर. म्हणून तं मनाले समजावतो की काही नसन.

तू लिहिलं, लगेच निघा. किती सोपं आहे तुले! इथं माह्या तोंडून रक्त हा शब्द निघाला की मी त्याच घडीले सोप्यात. ताट वेगळं, लोटा वेगळा, वरून पाणी. अन् चार दिवसानं आत नाही येता येणार, कारण हे काही चार दिवसाचं नाही. कधी येते, कधी जाते, त्याले वेळ नाही काळ नाही. मंग आत्याबाई मले देवघरात कोणत्या भरवशावर येऊ देईन? महालक्ष्म्या महिन्यावर आल्या. ज्या बाईले लेकरू नाही तिची चूल गेली तं तिचं राह्यलं काय, मनकर्णे? तुह्या मांडीवर लेकरू आहे. तुले नाही समजाचं.

अन् दुसरं बी सांगतो. असं अंग घेऊन देवीचं रांधू कशी? काल पुरणाची डाळ निवडत होती तं हात थांबला. सांगतलं तं चूल जाते, नाही सांगतलं तं पाप लागते. दोन्हीकून मीच मेली.

महालक्ष्म्या उठल्या की पाहू. तू लिहिलं आहे, "लक्ष्म्या दरसाल येतात जाऊबाई, तुम्ही एकदाच आल्या." मोठी शहाणी! वाचली अन् पदर तोंडाले लावून बसली घटकाभर. आत्याबाई म्हणे काय झालं. धूर गेला डोळ्यात म्हणली. डोळे अधूच आहेत माहे, साऱ्या गावाले माहीत आहे.

खरं कारण हे की मले भेव वाटते. डॉक्टरीणबाई पाहीन अन् म्हणन, उशीर झाला. घरी बसली आहो तोपर्यंत कोणी तसं म्हणत तं नाही.

हे कोणाले सांगू नको. तुले आपल्या लेकराची आण आहे.

वच्छलाबाई


वरवट बकाल,
श्रावण वद्य ३

मनकर्णे,

आणीले बी भेली नाही तू! तुले घरातली समजून एक गोष्ट सांगतली अन् तू ती सरळ माह्या नवऱ्याले लिहून टाकली? भाऊजीच्या हातानं? म्हणजे आता घरातल्या दोन्ही पुरुषायले माहीत. आता धरतीनंच मले पोटात जागा द्याव.

काल दुपारी मी चुलीपुढं होती. तुले माहीत आहे, तुहे भासरे सैपाकघराच्या उंबऱ्याले पाय लावत नाहीत. तिथूनच "वाढ" म्हणतात. काल उंबऱ्यात येऊन उभे राह्यले, हातात तुहा कागद.

"वच्छला, उद्या शेगावले जाचं."

"आता? पोळा तोंडावर आला, बैलायचं कोण करीन?"

"बैलाचे शिंगं कोणी बी रंगवीन. तुले कोण नेईन?"

भाकर तव्यावर जळून राह्यली होती. ते म्हणे, "शेगावून आगीनगाडीनं अकोल्याले." मंग थोडं थांबून म्हणे, "मनकर्णेनं लिहिलं तवा समजलं मले. तू एका घरात राहून नाही सांगतलं." एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तं बरं झालं असतं, मले भांडता आलं असतं.

आत्याबाईले समाधीच्या दर्शनाले जातो म्हणून सांगतलं. त्यायनं नारळ देला, अन् म्हणे माह्यासाठी बी पाया पडजो. मले त्यायच्या डोळ्याले डोळा देता नाही आला.

तू लई वाईट आहे. घर सोडून गेली तरी घरातलं तुह्यं नाक काही गेलं नाही.

आता आयक. आम्ही परवा सकाळी दवाखान्यात राहू. तू ये. मोटर मेहकरून अकोल्याले येते ना? लेकरू भाऊजीजवळ ठेव, नाही तं घेऊन ये. त्या उंच टेबलावर मले एकटीनं निजवत नाही. पाच वर्षापुढं तू होती म्हणून निजली. माह्यावरचा राग राहू दे तसाच, राग घेऊन ये. पण ये.

वच्छला


अकोला, जनाना दवाखाना,
भाद्रपद शुद्ध ८

लाडके मनकर्णे,

तू परवा गेली तवा मी गुंगीत होती. डोळे उघडले तं तुह्या जाग्यावर नर्स. तुह्या लेकराचा ताप उतरला का? दोन ओळी टाक. तिकडे पोर तापानं फणफणलेलं अन् तू इकडे माह्या पायाशी बसलेली होती हे मले नर्सनं सांगतलं. तू नाही सांगतलं. घरातल्या घरात न सांगाची खोड माही एकटीची नाही म्हणाची.

मोठ्या दवाखान्यात ते काढलेलं तोंड तपासाले पाठवलं होतं ना, त्याचा जबाब आज आला. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसली. डॉक्टर बसला की समजाव. तिनं त्या रोगाचं इंग्रजी नाव सांगतलं. मी ते लिहीत नाही, तोंडानं बी घेत नाही. पण म्हणे, "फार थोडं होतं, वच्छलाबाई. त्या तोंडावरच होतं, पुढे गेलेलं नाही. सगळं काढलं आहे. आणखी एक वर्ष घरी बसल्या असत्या, तर मी तुम्हाला हात लावला नसता."

म्हणली, "विटाळ म्हणून?"

"नाही हो," म्हणे, "करण्यासारखं काही उरलं नसतं म्हणून."

मनकर्णे, मी मरणार होती. या साली नाही तं पुढच्या. दुखल्याखुपल्याशिवाय, लोणच्याच्या बरण्यायले हात लावत लावत. अन् मले वाटे मी घरातली सर्वात निरोगी बाई आहो, कारण मले महिना येत नाही.

मंग तिले मनातलं विचारून घेतलं. "बाई, हे रक्त महिन्याचं होतं का? मी देवाधर्माचं केलं त्यात." तं ती हासली नाही, हे तिचं लई चांगलं. म्हणे, "पिशवीच नाही तर महिना कुठून येईल? ते जखमेचं रक्त होतं. विळीनं बोट कापलं तर तुम्ही बाहेर बसता का?" नाही म्हणली. "मग झालं," म्हणे.

तुह्या भासऱ्यायले बी बोलली ती. "बैलाचे खूर दरसाल पाहता की नाही?" ते म्हणे, "हाव." "लंगडल्यावर पाहता की आधी?" "आधी." "मग बायकोला पाच वर्षांत एकदा का आणलं?" मले त्यायची कीव आली. म्हणली, "बाई, त्यायचा दोष नाही, मले आणाले माणूस नाही, बाईच लागे." तुह्याविषयी बोलली मी. तिले समजलं. म्हणे, "ती धाकटी? तिनं पाच वर्षांपूर्वी मला तीनदा विचारून घेतलं होतं, कधी आणायचं, किती साल आणायचं."

तू मले हे बी कधी सांगतलं नाही.

त्या टेबलावर तू माहा हात धरला होता ना, तुह्या पाटल्या रुतून वळ उठला. निळा पडला होता, आता पिवळा झाला. नर्स म्हणे तेल लावू का. राहू दे म्हणली.

आज महालक्ष्म्यायच्या जेवणाचा दिवस. आजूबाजूच्या घरायतून पुरणाचा वास येऊन राह्यला. आपल्या घरी कोण रांधत असन? पिशवी काढल्यापासून पहिल्यांदा मी त्या दिवशी चुलीपाशी नाही. ते काल घरी गेले. म्हणे, "आईले सारं सांगतो, आता लपवत नाही." मी अडवलं नाही. पण घरी जाले भेव वाटते. मरणाचं गेलं तं आता सासूचं राह्यलं. माणसाच्या जिवाले पुरत नाही बघ कधी.

पोराच्या कपाळावरून माहा हात फिरव.

तुही वच्छला


वरवट बकाल,
आश्विन शुद्ध ४

मनकर्णे, आशीर्वाद.

पोर उंडारून राह्यलं हे वाचून गूळ वाटला घरात.

घरी आली त्याले आता पंधरवडा होऊन गेला. लिहीन लिहीन म्हणता आजच बसली. दारात आत्याबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मी आपल्या मनानं गाठोडं घेतलं अन् सोप्यात, बाहेरच्या बाईच्या कोपऱ्यात जाऊन बसली. कोणी सांगाच्या आधी आपणच बसलेलं बरं, अपमान तेवढा कमी होते.

त्या आत गेल्या. मंग परत आल्या. "इथं काऊन बसली?"

म्हणली, "तुमच्या लेकानं सांगतलं ना सारं?"

"सांगतलं."

"मंग?"

त्या माह्यापाशी खाली बसल्या. मनकर्णे, त्या कोपऱ्यातल्या बाईपाशी आत्याबाईले बसलेलं तू कधी पाह्यलं का? मी तं नाही. म्हणे, "माह्या सासूले असंच जाये. म्हातारपणी. केस पांढरे झाले होते तिचे. ह्याच कोपऱ्यात ठेवली. दुरून पाणी, दुरून भाकर. पुढच्या पोळ्याले नव्हती. काय झालं होतं ते कोणी पाह्यलं नाही, विटाळ म्हणून पाह्यलंच नाही. मी नवी सून होती. ती रोज विचारे, 'सत्यभामे, आज तरी आत घेता का?'"

मंग मी त्यायले डॉक्टरीणबाईचं सांगतलं, जखमेचं रक्त, विळीचं बोट, सारं. तं त्यायची जीभ परत जाग्यावर आली. "आता डॉक्टरीण आपल्याले सोवळं शिकवीन का?" म्हणे. अन् लगेच म्हणे, "पण खरं बोलली. ऊठ. मले धर, मले उठवत नाही." मीच टाके पडलेली बाई अन् मीच त्यायले धरून उठवलं. दोघी एकमेकीले धरून आत गेलो.

महालक्ष्म्यायचा सैपाक त्यायनंच केला होता. थरथरत्या हातानं. पुरण खाली लागलं, आंबिलीत मीठ दोनदा पडलं. "लक्ष्म्यायनं खाल्लं मुकाट्यानं," म्हणे, "पाटलीणबाईनं नाही खाल्लं." लई हासली मी. टाके दुखले.

सारं गोड झालं असं समजू नको. पाटलीणबाईनं गावात सांगतलं, वच्छलाबाईचं सारं खोटं होतं, पाच वर्षं आपल्याले बाटवलं. दोनचार घरच्या बाया घटस्थापनेले आल्या नाहीत. एकीनं लोणचं परत पाठवलं. वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू? रडली बी. आत्याबाईनं ती बरणी उघडली, सर्वायसमोर बोट घालून चाखली अन् म्हणे, "बरंच झालं, चांगलं मुरलं होतं."

चूल माहीच आहे. तू जपून ठेवलेली आहे ती. तुहा तिच्यावर डोळा होता म्हणली होती ना मी? डोळा माह्यावर होता, अन् देवानं तो तसाच ठेवाव.

तुही वच्छला


वरवट बकाल,
श्रावण वद्य ७, सन १९३८

मनकर्णे, अनेक आशीर्वाद. या खेपेले पाकिटात राहू देजो नको.

परवा अकोल्याहून आलो. हिवाळ्यात एकदा, होळीनंतर एकदा, अन् आता हे तिसऱ्यानं. डॉक्टरीणबाईनं सारं नीट पाह्यलं. स्वच्छ आहे म्हणे. कुठंच काही नाही. तुले पहिल्यानं कळवतो, आत्याबाईनंतर.

मी तिले म्हणली, "बाई, आता तं तोंड बी काढलं. आता खरंच काही राह्यलं नाही. आता रिकाम्या कणगीत काय पाह्यता?" या खेपेले ती हासली. म्हणे, "कणगी आहे ना? टाक्याची जागा आहे, आतलं अंग आहे, तुमची छाती आहे, तुम्ही आहात. हे पहिली काही वर्षं लवकर लवकर, मग वर्षातून एकदा. आणि मध्ये थेंबभर जरी दिसलं, तर तारखेची वाट पाहायची नाही." हाव म्हणली. मले आता वाद घालाचा नाही. तिच्या टेबलावर निजाची लाज अजून बी वाटते, पण निजतो. डोळे मिटून तुह्या पाटल्या आठवतो अन् निजतो.

आत्याबाईनं काय केलं आयक. घरातल्या वर्षाच्या साऱ्या रीती त्यायच्या बोटावर, कोणता कुळाचार कधी, कोणाचा नवस कधी. त्यात त्यायनं हे घालून टाकलं. पोळ्याच्या आधी वच्छलेनं अकोल्याले जाऊन याव, मंगच महालक्ष्म्यायची डाळ निवडाले बसाव. परवा मोलकरीण विचारे, "मोठ्या बाई कुठं गेल्या?" तं म्हणे, "दाखवाले. आमच्या घरची रीत आहे." एका सालात रीत झाली! अन् मोलकरीण हळूच माह्यापाशी आली अन् म्हणे, "बाई, माह्या आईले बी जाते." पुढच्या खेपेले तिच्या आईले गाडीत घेऊन जाणार आहो. तुहे भासरे म्हणे, गाडीत गवत जास्त अंथरा लागीन.

तुह्यं बी नाव सांगून ठेवलं डॉक्टरीणबाईले. भुवया उंचावू नको. मले ओढून नेणारी तू आपण किती वेळा गेली? एकदा बी नाही. तुह्यं काही काढलं नाही म्हणून तुले काही होत नाही असं कोणी सांगतलं? उत्तमराव भाऊजीले मी लिहिणार आहो. त्याच रस्त्यानं कागद जाते, तू दाखवला तोच रस्ता.

आता मुद्द्याचं. दोन वर्षं मी तुह्याशी बोलली नाही. त्या दोन वर्षांत तू कासाराले सांगत राह्यली, कागद लिहीत राह्यली, आण मोडली, मले शिव्या देऊ देल्या. साऱ्या बाया म्हणे तुह्यं आता काही राह्यलं नाही, सुटली तू. मी बी तेच म्हणे. एक तूच म्हणे, राह्यलं आहे, पाहा. मी सकाळी उठतो, चूल पेटवतो, धूर डोळ्यात जाते, खराच जाते आता. तवा मनात म्हणतो, ही मनकर्णेची. हा दिवस मनकर्णेचा. दुसरं कसं लिहू, मले आभार मानता येत नाहीत, आपल्या घरात कोणी कोणाचे मानत नाही.

यंदा महालक्ष्म्यायले ये. आत्याबाईनं बलावलं आहे, मी नाही एकटीनं. भाऊजीले घेऊन ये, पोराले घेऊन ये. तुही त्या दिवशी पाळी आली तरी ये, सोप्यात बसून गप्पा मार, पण ये. पाटलीणबाईले बी सांगावा धाडला आहे, येते का नाही देव जाणे.

एक विचार मनात आला तो आत्याबाईले विचारून घेतला, मनानं केला नाही. दरसाल मी आधी लक्ष्म्यायची ओटी भरतो, मंग सवाष्णीची. म्हणली, "आत्याबाई, यंदा लक्ष्म्यायच्या आधी मनकर्णेची ओटी भरू का? देवी रागावणार नाही ना?"

त्या वाती वळून राह्यल्या होत्या. मान बी वर नाही केली. म्हणे, "भर. लक्ष्म्या तीन दिवसाच्या पाव्हण्या. घरची आधी."

तुही जाऊ,
वच्छला